चालू मशीनची पूजा

दीपिका चिडली की गप्प होते. मी चिडले की अख्खा वरळी कोळीवाडा ऐकतो. म्हणून हे मी, प्राचीच, सांगते.

दीपिका बीडीडी चाळीतली. परळच्या एका कॉलेजात आम्ही दोघी एकाच सरांकडे पीएचडी करतो. पाच वर्षं तिचा जीव एकाच गोष्टीत अडकलाय: झटपट चार्ज होणारा, टिकाऊ सेल. त्यात ती टायटॅनियम कार्बाइडचे पापुद्रे वापरते, जाडी अणूंत मोजावी इतके पातळ. पण हे मेले एकमेकांना चिकटतात, मग आत आयनांना शिरायला वाट उरत नाही. म्हणून ती मध्येमध्ये कार्बन घालते. दोरीवर बोंबील टांगताना आम्ही वाऱ्याला जागा ठेवतो, तसंच. आता हजारो वेळा चार्ज होऊनही सेल टिकतो, एवढंच सिद्ध करायचं होतं. त्यासाठी सेल सतत चार्ज-डिस्चार्ज करणारं मशीन अखंड चालू हवं होतं. निकाल हाती आला की प्रबंध पूर्ण आणि कोरियातली संशोधनाची जागा पक्की.

दसऱ्यासाठी ती दोन दिवस आधीच आईला घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर गेली. जाताना मशीनवर कागद चिकटवला: ‘चाचणी चालू आहे. बंद करू नये.’

खंडेनवमीला सरांनी यंत्रपूजा केली. आजच्या दिवशी यंत्रांना विश्रांती, म्हणून स्वतःच्या हातानं मेन स्विच बंद केला. दीपिका परतली तेव्हा मशीनला झेंडूचा हार होता आणि तिच्या कागदावर हळदकुंकू. वाचायची तसदी नाही, पण कुंकू बरोबर मधोमध!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पूजा आम्हीही करतो होडीची, पण किनाऱ्याला लागल्यावर. भर समुद्रात इंजिन बंद करून कोणी नारळ फोडत नाही.

सर मात्र थंड. “अगं, थांबलं तिथून पुढे जोड. आलेख एकच दिसेल.”

“मध्ये विश्रांती मिळाली की सेल ताजा होतो, सर. आकडे उगाच चांगले येतील. ते खोटं होईल.”

“मग लाईट गेली होती म्हणून लिही. पूजा तुझ्या यशासाठीच केली ना? तुमच्यात नसतं हे, म्हणून कळत नाही तुला.”

तुमच्यात! तिच्या प्रत्येक शोधनिबंधावर स्वतःचं नाव चढवताना हे ‘तुमच्यात’ कुठे गेलं होतं? मी तोंड उघडणार, तेवढ्यात दीपिका म्हणाली, “लिहायचं तर पूजेसाठी बंद केलं, असं लिहीन. नाहीतर पुन्हा पहिल्यापासून करते.”

खरं कारण लिहायला सरांनी साफ नकार दिला. तिनं हार काढला, जुना सेल काढला, नवा लावला. कोरियावाले थांबले नाहीत, जागा दुसऱ्याला गेली.

परवा सर पाहुण्यांना प्रयोगशाळा दाखवत होते. तिच्या मशीनपाशी येऊन कौतुकानं म्हणाले, “मुलगी हुशार आहे. फक्त वेळेत काम संपवत नाही.”

दीपिका समोरच उभी होती.