मिठात झोपलेला विषाणू

खारातल्या कैऱ्यांना पिशवीतलं बारीक मीठ चालत नाही. या एका हट्टापायी मी विज्ञानाचं जे नुकसान केलं, तसं आमच्या घराण्यात आजवर कोणी केलेलं नाही. मुळात विज्ञानाच्या जवळपासच कोणी गेलेलं नाही.

आम्ही घाग मूळचे रत्नागिरीचे. इथे भाईंदरजवळच्या राई गावात, मिठागरवाले धर्माजी म्हात्रे यांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. मे महिन्यात गावाहून कैऱ्या आल्या आणि मी जाड मीठ मागायला खाली गेलो. धर्माजींच्या रंभावहिनी भाकऱ्या थापत होत्या. मीठ हातातून हातात दिलं की भांडण होतं, हे त्यांच्याकडेही पाळतात आणि आमच्याकडेही. म्हणून वहिनींनी नुसती मान कोपऱ्याकडे केली. कोपऱ्यात दोन बरण्या होत्या. मी त्यातल्या त्यात देखणं मीठ निवडलं. जाड खडे, किंचित गुलाबी झाक. जरा जास्तच लागलं. म्हणजे सगळंच लागलं. पण मी कोणाचं ठेवून घेणारा माणूस नव्हे. दुसऱ्या दिवशी बरणी घासली, उन्हात वाळवली, दुकानातलं खडे मीठ काठोकाठ भरून जागच्या जागी ठेवली आणि स्वतःवर खूश होऊन जेवलो.

ती बरणी हेमालीची होती.

हेमाली ही धर्माजींची थोरली. तिशी उलटलेली, डॉक्टर झालेली. पण ताप आला तर उपयोगाची नाही, असं तिची आई सांगते. मुंबईतल्या एका संस्थेत ती कंत्राटावर आहे. बाकीचा वेळ जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसते आणि त्याच टेबलावर बाकीच्यांनी जेवायचं असतं. ती नक्की काय करते हे मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "काका, जिवाणूच्या आत त्याचा जीनोम असतो. म्हणजे लाखो अक्षरांची एक लांबलचक ओळ. कधीकधी विषाणू आत शिरतो, पण मारत नाही. त्या ओळीत स्वतःची अक्षरं घुसवतो आणि झोपून राहतो. जिवाणूची पिल्लं होतात, तशी याचीही आपोआप होतात. मी असे झोपलेले विषाणू शोधायचं सॉफ्टवेअर लिहिते."

"म्हणजे माझ्यासारखा. दुसऱ्याच्या घरात बिनबोभाट राहणारा."

"तुम्ही भाडं देता," ती म्हणाली. "आणि बिनबोभाट कुठे राहता?"

अशी सॉफ्टवेअरं आधीच आहेत म्हणे. पण ती ओळखीच्या विषाणूंच्या अक्षरांशी ताडून बघतात, आणि ओळखीचे विषाणू म्हणजे बहुतेक इस्पितळातले नाहीतर माणसाच्या पोटातले. मिठागरातल्या जिवाणूत झोपलेला विषाणू कोणाच्याच ओळखीचा नसतो, म्हणून तो त्यांना दिसत नाही. हेमालीचं सॉफ्टवेअर चेहरा बघत नव्हतं, चाल बघत होतं. अक्षरांचं प्रमाण अचानक कुठे बदलतं, छोटी छोटी जनुकं एकाच दिशेला तोंड करून कुठे दाटीने बसलीत, असलं काहीतरी. वडिलांच्या मिठातून वाढवलेल्या एका लालसर जिवाणूत तिला तो सापडला. बाकीच्या सगळ्या सॉफ्टवेअरांनी तिथे काही नाही असं सांगितलं.

तिने त्यावर पेपर लिहिला. पेपर तपासणाऱ्यांनी कळवलं, दावा मोठा आहे. जिवाणूवर अतिनील प्रकाश टाका, विषाणूला जागा करा, तो बाहेर पडलेला दाखवा. तर छापू. पेपर छापला तर संस्थेत पक्की जागा, असं तिचे सर म्हणाले होते. मागणी रास्त होती, हेमालीलाही मान्य होती. पण मधल्या काळात प्रकल्प संपला होता आणि संस्थेने तो जिवाणू ठेवलेला फ्रीजर रिकामा करून दुसऱ्या कोणाला दिला होता. धर्माजींच्या मिठागरावर भराव पडून आता तिथे डंपर उभे राहतात. राहिली होती ती धर्माजींनी शेवटच्या हंगामातली म्हणून ठेवलेली बरणी. खड्यांच्या आत असले जिवाणू वर्षानुवर्षं जिवंत राहतात. तिने बरणीवर चिठ्ठी लावायचं म्हटलं, तर धर्माजी म्हणाले होते, "आपलेच मिठाला चिठ्ठी कसली लावतेस?"

हे सगळं मला कधी कळलं, तर ती बरणी उघडून वर आली तेव्हा.

"काका, हे कुठलं मीठ?"

"दुकानातलं. आयोडीनवालं," मी म्हटलं. "चांगलं आहे. घे की."

तिचा चेहरा बघून माझी बायको आतून बाहेर आली. हेमाली हळू आवाजात बोलत होती. "आधीचं कुठाय?"

मी कैऱ्यांची बरणी दाखवली. तिने झाकण काढलं, वाकून पाहिलं, आणि मला वाटलं तिचा जीव भांड्यात पडला. म्हणाली, "खारात आहे ना, मग ठीक आहे. खारट पाण्यातच तर राहतात ते. मी थोडा खार घेऊन जाते." मग थांबून तिने विचारलं, "उकळला नाहीत ना?"

खार उकळल्याशिवाय ठेवणारी माणसं वेगळी, आम्ही घाग नव्हे. हे वाक्य मी आयुष्यभर अभिमानाने म्हणत आलो होतो. तेव्हा म्हणवेना. बायकोच म्हणाली, "उकळला गं. खळखळून. गाळूनसुद्धा घेतला."

तरी तिने बाटलीभर खार नेला. काही उगवलं नाही. मी भरावाच्या कडेला जाऊन गुलाबी काही दिसतं का ते शोधलं, तर वॉचमनने "अंकल, इधर क्या गिरा आपका?" असं विचारलं.

मग सरांनी तोडगा काढला. सॉफ्टवेअरचा निकष थोडा कडक करायचा. म्हणजे त्या जिवाणूतला विषाणू ते दाखवणार नाही, निकाल बाकीच्यांशी जुळेल, भांडण मिटेल. हेमालीने आठवडाभर टेबल अडवलं. घरचे मांडीवर ताट घेऊन जेवले. धर्माजी जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "घाग, आमचे मिठान काय हाय न काय न्हाय, ते तिकडं बसून सांगतान. आन पोरगी आयकतं."

मी म्हटलं, "चूक माझी आहे."

"तुमची तं हायच," ते म्हणाले आणि खाली गेले.

तिने निकष बदलला. पेपर छापून आला. हे सॉफ्टवेअर इतर सॉफ्टवेअरांइतकंच बरोबर आणि थोडं जास्त वेगाने चालतं, असं त्यात लिहिलंय. वडिलांच्या मिठाचा उल्लेख नाही. जगभर लोक ते फुकट उतरवून घेतात आणि ओळखीचे विषाणू भराभर शोधतात. जागा पक्की झाली.

मी भाईंदर पूर्वेहून पेढे घेऊन गेलो. ती टेबलाशीच होती. मी सहज विचारलं, तो आपला मिठातला अजून दिसतो का? तिने जुनी फाईल सॉफ्टवेअरमध्ये घातली आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर शून्य आलं. तिने पुन्हा स्वतःकडे वळवला. पेढ्याला हात लावला नाही.

काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्या वयाच्या माणसाला अशा वेळी एकच सुचतं. मी म्हटलं, "अगं, पण नोकरी तर पक्की झाली ना? जे झालं ते चांगल्यासाठीच झालं म्हणायचं."

"तुम्ही म्हणा, काका. मी नाही म्हणणार."