घेतली असल्यास १ पाठवा

आईला शुगर निघाली तेव्हा जळगाव जामोदच्या डॉक्टरांनी मोबाईल नंबर मागितला. आईकडे मोबाईल नव्हता, म्हणून माझा दिला. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आठला मेसेज येऊ लागला: जेवणाआधीची गोळी घेतली का? घेतली असल्यास १ पाठवा, नसल्यास २.

आठला मी वावरात असायचो. बीटी कपाशीला अळी लागणारच नाही, असं आम्हाला छातीठोक सांगितलं होतं; त्या वर्षी बोंडाबोंडात गुलाबी अळी सुखाने नांदत होती. पाठीवर फवारणीचा पंप, हात औषधाने माखलेले. एकदा माहीत नव्हतं म्हणून २ पाठवला, तर दवाखान्यातून एका मुलीचा फोन आला. गोळी का चुकली, कधी घेणार, जेवण काय असतं? तिचं काही चुकत नव्हतं, पण मला वैताग आला. तेव्हापासून मी डोळे झाकून १ पाठवू लागलो. आईला विचारायची तसदी घेतली नाही.

वेचणी लागली तशी आई रोजंदारीच्या बायांबरोबर कापूस वेचायला येऊ लागली. बाया सकाळीच तासाला, म्हणजे कपाशीच्या ओळीला, लागतात, भाकर दुपारी. उपाशीपोटी गोळी घेतली की तिचे हातपाय कापायचे, म्हणून ती वेचणीच्या दिवशी गोळी घेतच नव्हती. हे मला नंतर कळलं.

तपासणीत साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. एकही दिवस चुकलेला नव्हता. "मुलगा असावा तर असा," ते सगळ्या पेशंटसमोर म्हणाले. गोळ्या नियमित असूनही साखर उतरत नाही, म्हणून त्यांनी गोळी दुप्पट केली. मी तिथेच बोलायला हवं होतं. मला ते कौतुक आवडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः तिच्या हातावर गोळी ठेवली आणि समोर उभा राहिलो.

"दोन घास खाऊ दे ना, बाबू."

"मंग खाजो. बाया थांबल्या."

दहाच्या सुमारास ती कपाशीच्या तासात बसली आणि तिथेच कलंडली. अंग घामाने थबथबलेलं, बोलणं बरळल्यासारखं. एका म्हाताऱ्या बाईने आपल्या शिदोरीतला गूळ काढला. मी त्या बाईचा हात धरला. "गोड नोको देऊ, मावशी, तिले शुगर हाये!"

"सरक तिकडं! माहा नवरा असाच पडत होता." तिने गूळ पाण्यात कालवून बोटाने आईच्या गालाच्या आतून लावला, मग थोडा थोडा पाजला. आईने डोळे उघडेपर्यंत मी नुसता उभा होतो. इतकी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती.

तिला तसंच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, रक्त तपासलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "आधीची गोळी खरंच रोज घेत होत्या ना?"

मी तोंड उघडण्याआधी आई बोलली. "नाई घेत होती, डॉक्टरसाहेब. हा रोज इचारे, मीच घेतली म्हणून सांगत होती. पोराचा काई दोष नाई त्याच्यात."

डॉक्टर तिला रागावले, चांगलेच रागावले. ती मान खाली घालून ऐकत राहिली, आणि मी तिच्या शेजारी गप्प बसून राहिलो.