न उगवलेले दाणे

पेरणीआधी सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि चार-पाच दिवसांनी मोजायचे, ही माझी जुनी सवय. यंदा उघडून बघते तर कोंब एकमेकांत गुंतलेले. म्हटलं, कोण सोडवत बसतंय! न उगवलेले तेवढे वेचले. एक्केचाळीस निघाले. म्हणजे उगवले एकोणसाठ, आणि उगवायला हवेत निदान सत्तर.

तशीच ती गुंडाळी आणि बियाण्याची पिशवी घेऊन तिसगावला, जिथनं बी घेतलं त्याच दुकानात गेले. दुकानदार हसायलाच लागला. "आजी, उगवलेलं मोजायचं आसतं. मेलेलं मोजून काय कळतंय?"

असा राग आला मला! "आरं, शंभरातनं मेलेलं वजा केलं की ऱ्हायलं ते जितं. मोज तू!"

त्यानं चार गिऱ्हाइकांसमोर एकेक कोंब सोडवला. एकोणसाठच भरले.

तर म्हणतो कसा, "निम्म्याच्या वर उगवलंय की!"

"आन दहा टाकले की चार न उगवायचीच शक्यता, ते कुणाच्या रानात कुजायचे? तुझ्या?"

पिशवी त्याच्यापुढं आपटली आणि रिकाम्या हातानं घरी आले. पेरणी लांबली तर लांबू दे. असलं बी मी माझ्या हातानं मातीत घालणार नाही.