कर्नलसाहेबांची आसूढाळ घोडी

दोंडाईच्याच्या स्टेशनात आधी उतरली ती घोडी, मग लंगडत कर्नलसाहेब, आणि शेवटी धोतराला कोळशाचे डाग पडलेला, पाठ आखडलेला मी. जन्मात घोड्याला हात न लावलेला पुण्याचा मुन्शी मी! साहेबलोकांना परीक्षेपुरतं मराठी शिकवायचं, एवढाच माझा धंदा. पण साहेब म्हणाले, "मुन्शीजी, सारंगखेड्याच्या यात्रेत एल्सी घोडीला विकायचं आहे. दुभाषी म्हणून चला." नाही म्हणायला जीभ रेटली नाही.

साहेब स्कॉटलंडातल्या मोठ्या जहागीरदाराचे धाकटे चिरंजीव. आपल्याकडे भाऊबंदकीत विहिरीचंसुद्धा पाणी वाटून घेतात. तिकडे म्हणे सगळं थोरल्याला, धाकट्यानं पलटणीत जायचं. मिसरूड फुटायच्या आत ते हिंदुस्थानात आले, सरहद्दीवर लढले, माझ्याकडे शिकून मराठीच्या परीक्षेत आधी सपशेल नापास झाले आणि मग पास. महायुद्धात बसऱ्याकडे मांडीत गोळी लागली, तेव्हा बेशुद्ध साहेबांना पाठीवर घेऊन छावणीत आली ती ही एल्सी. आता थोरला भाऊ वारला होता, पुतण्या युद्धातच गेला होता. जहागीर सांभाळायला साहेबांना कायमचं परत जायचं होतं, अशा घरी जिथे ओळखीचं माणूस उरलं नव्हतं. म्हातारी घोडी बोटीचा प्रवास सोसणार नव्हती.

"चांगलं घर मिळालं तर देईन," बैलगाडीत साहेब म्हणाले. "टांग्याला जुंपून चाबकाखाली मरणार असेल, तर मीच गोळी घालीन." पिस्तूल कमरेला होतंच.

तापी नावेतून ओलांडली. एल्सी शेजारून पोहत आली आणि काठावर चढताच तिनं अंग असं झाडलं की मी नखशिखान्त भिजलो. मार्गशीर्षातली थंडी ती! साहेब पोट धरून हसले. मीही शेवटी हसलो, करतो काय?

यात्रेत एकमुखी दत्ताचं दर्शन घेतलं, कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि लाल ठेचा खाल्ला. साहेबांनी ठेचा चमचाभर तोंडात टाकला आणि पुढे बराच वेळ ते इंग्रजीतसुद्धा बोलू शकले नाहीत.

घोड्यांच्या बाजारात मात्र विपरीतच घडलं. गिऱ्हाईक यायचं, एल्सीचे दात बघायचं, पाठीवरून हात फिरवायचं, आणि तोंडाकडे येताच मागे सरायचं. शेवटी एका पिकल्या मिशांच्या व्यापाऱ्यानं तिच्या डोळ्याखालचा केसांचा भोवरा मला दाखवला. "आसूढाळ शे हाई. जो बांधई, तेना डोयामा पानी येई." (आसूढाळ आहे ही. जो दारी बांधील, त्याच्या डोळ्यांत पाणी येईल.)

मी साहेबांना सांगितलं. ते हसले. "मी इतकी वर्षं बांधली. भाऊ गेल्याची तार आली तेव्हासुद्धा रडलो नाही. सांगा त्याला."

सांगून काय उपयोग? दुसऱ्या दिवशीही कोणी फिरकेना. एक टांगेवाला आला, त्याच्या काखेतला चाबूक बघून साहेबांनीच त्याला हाकललं. उन्हं कलायला लागली तसा साहेबांचा हात सारखा कमरेच्या पिस्तुलाकडे जायला लागला.

तेवढ्यात तोरणमाळच्या डोंगराकडचा, पावरा जमातीचा एक गृहस्थ समोर येऊन उभा राहिला. बाजाराची अहिराणी तो तुटक बोलायचा. बायकोचे गुडघे गेलेत, डोंगराची वाट तिला उतरवत नाही, कित्येक यात्रा तिनं पाहिल्या नाहीत. तिला बसवून आणायला गरीब जनावर हवं, असं त्यानं सांगितलं. मग त्यानं विचारलं, "इनं नाव काय शे?" दोन दिवसांत नाव विचारणारा हा पहिलाच.

मी आनंदानं सौदा ठरवायला पुढे झालो, तर साहेब म्हणाले, "आधी भोवऱ्याचं सांगा."

"अहो, कशाला उगाच!"

"सांगा, मुन्शीजी."

सांगितलं, मनात देवाचं नाव घेत. तो गृहस्थ खो खो हसला. "आमी पाय देखतस, भवरा नही!"

साहेबांनी किंमत नको म्हटलं, तर तो घोडी घेईना. फुकटचं जनावर लाभत नाही म्हणाला, आणि चारोळीची पुरचुंडी साहेबांच्या हातात कोंबली. जनावर द्यायचं पण म्होरकी (तोंडाला बांधायची दोरी) आपल्याकडे ठेवायची, हा रिवाज मीच साहेबांना सांगितला. त्यांनी ती स्वतः सोडली, त्यानं आपली बांधली.

आमच्या परतीच्या नावेपर्यंत तो तिला घेऊन आम्हाला पोचवायला आला. नाव मध्यावर गेली आणि एल्सी काठावरून खिंकाळली, पुन्हा खिंकाळली, पाण्यात शिरायला ओढू लागली. तिच्या मानेवर हात फिरवत तो तिला नावानं समजावत होता.

साहेबांनी पाठ फिरवली नाही. रिकामी म्होरकी मुठीत धरून ते बघत राहिले, गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते.

"मुन्शीजी," माझ्याकडून शिकलेल्या मराठीत ते म्हणाले, "व्यापारी खरं बोलला."

पुण्याला आल्यावर सौभाग्यवतीनं विचारलं, यात्रेतून काय आणलंत? साहेबांनी वाटून दिलेली मूठभर चारोळी मी तिच्या ओंजळीत ओतली. तिनं खिरीत घालू का विचारलं, तर मी उपरण्यानं डोळे पुसत होतो. घोडी तर माझी नव्हतीच, तरीही.