उपास धरून आकाशातून उडी

अमरावती सोडताना गाडीत सगळं यादीप्रमाणे होतं: पाणी, टोपी, दोरीने बांधलेला चष्मा, बदलायचे कपडे, जाड जाकीट. यादीत नसलेली एकच गोष्ट शेजारच्या सीटवर बसली होती. माझी थोरली नणंद, शांताअक्का. अंजनगावला त्यांची झेंडूची शेती आहे आणि माणसाने जमीन सोडू नये असं त्यांचं मत आहे. पातूरजवळच्या माळावर विमानातून उडी मारण्याचं शिबिर भरलंय आणि मी नाव नोंदवलंय, हे कळल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मीबी येतो. मांगून उचलाले कोणी पायजे ना."

पहिली उडी एकट्याने मारायची नसते. प्रशिक्षकाच्या पाठीवर पॅराशूटची छत्री असते आणि आपल्याला पट्ट्यांनी त्याच्या पुढे जखडतात. कौशल्य लागत नाही. तब्येत ठीक हवी आणि वजन मर्यादेत हवं, कारण एकाच छत्रीला दोघांचा भार पेलायचा असतो. महिनाभर रात्रीचं जेवण सोडून मी त्या मर्यादेच्या जेमतेम एक किलो आत आले होते. आजवर मी सगळ्यांच्या सहली आखल्या, सगळ्यांचे डबे भरले. ही पहिलीच सहल माझ्या एकटीसाठी होती. ती हातची जाऊ द्यायची नव्हती.

धोका आकाशात नव्हता, रस्त्यात होता. मूर्तिजापूरला मावससासूबाई, अकोल्याला मामेभाऊ. वऱ्हाडात दारावरून न जेवता जाणं म्हणजे भांडण उकरून काढणं. मी तोडगा काढला: आज उपास आहे म्हणून सांगायचं. अक्कांनी हा बेत आदल्या रात्रीच फारच गंभीरपणे ऐकला होता.

मूर्तिजापूरला दार उघडलं तेव्हा साबुदाण्याची उसळ (पुण्याकडची खिचडी) ताटात वाढूनच ठेवलेली होती. सोबत तळलेले बटाटे आणि वाटीभर सायीचं दही. उपाशी सुनेला तसंच पाठवणं मावशींना पाप वाटत होतं. अकोल्यात भगर, शेंगदाण्याची आमटी आणि तुपात पोहणारा शिंगाड्याचा शिरा होता. शेजारीच अक्का पाटोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) झणझणीत रस्सा ओरपत होत्या, नाकाडोळ्यांतून पाणी काढत. एवढा स्वयंपाक इतक्या लवकर कसा झाला, असं मी विचारलं. अक्कांचा सकाळीच फोन आला होता, असं वहिनी म्हणाली. अक्का तेव्हा खिडकीबाहेर कडुनिंब बघत होत्या.

पातूरच्या अलीकडे टेकड्या दिसू लागल्या. तूर वाळत आलेली, हरभरा हिरवागार, कपाशीत अजून पांढरे ठिपके. माळावर धावपट्टी, एक तंबू आणि खेळण्यातलं वाटावं एवढंसं विमान. प्रशिक्षक निवृत्त सुभेदार होते. त्यांनी जमिनीवर पालथं झोपवून धडा दिला: उडी मारताना शरीर केळ्यासारखं वाकवायचं, उतरताना पाय उचलायचे आणि मधल्या वेळात श्वास घ्यायला विसरायचं नाही.

मग वजन, अंगावर आहे त्या सगळ्यासकट. वर थंडी असते म्हणत अक्कांनी गाडीत सांभाळलेलं जाड जाकीट माझ्या अंगात घातलं. मी काट्यावर चढले.

"अर्धा किलो जास्त आहे, ताई," सुभेदार म्हणाले. "आज नाही जमणार."

मी खाली उतरले. चष्म्याची दोरी सोडली, उगीचच परत बांधली. तेवढ्यात अक्का पुढे आल्या, माझ्या जाकिटाच्या खिशात हात घालून शेंगदाण्याचे लाडू काढू लागल्या. एका खिशातून, दुसऱ्यातून, मग आतल्या चोरखिशातून.

"काहून, अक्का?"

"मले भेव लागून राहिलं होतं," त्या लाडू पदरात बांधत म्हणाल्या. "पण तुहं हे असं तोंड त्याहून पाहवत नाही. चढ पुन्हा."

काटा मर्यादेत आला. सुभेदारांनी पदराकडे पाहिलं आणि हसू मिशीत लपवलं.

विमानाचं दार उघडलं तेव्हा मी शिकवल्याप्रमाणे केळ्यासारखी वाकले. मग पायाखालचं काही उरलं नाही. पडतोय असं वाटत नाही. वारा गाल कानापर्यंत ओढतो आणि आपण त्यावर पालथे पडलेले असतो. मिनिटभरही नसेल. छत्री उघडल्यावर एकदम शांतता. खाली काळी शेतं, त्यातून वळणारा ओढा आणि माळावर एक पिवळा ठिपका. ती अक्कांची साडी होती.

मी पाय उचलले, सुभेदार आणि मी दोघंही बसूनच घसरत उतरलो. अक्का ओचा खोचून धावत आल्या आणि बाजारात वांगी तपासावीत तसे माझे हातपाय दाबून पाहिले. मग पदरातला एक लाडू माझ्या तोंडात कोंबला.

परतीला मूर्तिजापूरला उपास सोडायला पुरणाचा बेत होता. मावशींनी विचारलं, हा उपास कोणत्या देवाचा?

"छत्रीवाल्या देवाचा," अक्का पापणी न हलवता म्हणाल्या. "पुढच्या वर्षी मीबी धरतो."

एकटीसाठी आखलेली सहल अशी दोघींची झाली, आणि मला वाईट वाटलेलं नाही. पुढच्या वर्षीच्या यादीत अक्का रीतसर पहिल्या नंबरवर आहेत. त्या काडीसारख्या, वजनाची चिंता नाही. जाकिटाचे खिसे मात्र मी शिवून टाकले आहेत.