कॅमेऱ्यासाठी आणलेला कावळा

गंगेकाठी, रामघाटावरच्या आमच्या मराठी घरी टीव्हीवाले आले ते पितृपक्षात. दिल्लीच्या त्या मंडळींना पशुपक्ष्यांवर कार्यक्रम करायचा होता आणि त्यात श्राद्धाच्या पानाला शिवणारा कावळा हवा होता. मला हे मुळीच पसंत नव्हतं. काकांचं पितृपक्षातलं ते पहिलंच श्राद्ध. त्यांना मूलबाळ नाही, म्हणून पुतण्या या नात्याने मीच करत होतो. पण काकू म्हणाली, येऊ देत, लांबून आलीत बिचारी.

गच्चीवर केळीच्या पानावर वरणभात, वडा, खीर वाढून ठेवली. एरवी पान टेकायच्या आत कावळे हजर असतात. त्या दिवशी समोर तिपाईवर कॅमेरा, बाजूला उजेड पानावर पाडायला उन्हात लखलखणारा चंदेरी पडदा. कावळे शेजारच्या कठड्यावर बसून आम्हाला शिव्या घालत राहिले. पानाजवळ एकही फिरकेना. खाली जेवणारे ताटकळले, कारण कावळा शिवल्याशिवाय कुणी घास घेत नाही. काकूचा चेहरा उतरत चालला. कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली, हे तिच्या मनात पक्कं बसलेलं.

दिग्दर्शक मात्र निर्धास्त होता. त्याने पिंजऱ्यातून एक कावळा काढला. पक्षी पकडणाऱ्याकडून आदल्या दिवशीच आणून ठेवला होता, पायाला बारीक काळी दोरी. दोरी पानाखाली दडवायची, दिसणार नाही, असं त्याने आम्हाला समजावलं. बघणाऱ्यांना कावळा तर दिसलाच पाहिजे ना! माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार तोच काकू पुढे झाली.

तिने कावळा हातात घेतला आणि शांतपणे गाठ सोडली. कावळ्याने उपकार वगैरे काही मानले नाहीत, तिच्या बोटाला चोच मारून तो गंगेकडे उडाला. बोट पदरात दाबून काकू दिग्दर्शकाला म्हणाली, "भैया, बांधके लाए हुए से हमारे उनका पेट नहीं भरेगा."

दिग्दर्शक चिडून खाली गेला. कॅमेरामनने कॅमेरा बॅगेत ठेवला, पडदा गुंडाळला. मग काकू पानासमोर हात जोडून उभी राहिली. काका गेल्यापासून तिने गल्लीतल्या मुलींना पेटी शिकवणं बंद केलं होतं. शिकवणं सोडू नकोस, असं ते शेवटपर्यंत सांगत होते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ती काकांशी बोलावं तसं बोलली, "उद्यापासून मुलींना बोलावते. आता जेवून घ्या."

आम्ही दोन पावलं मागे सरलो. कठड्यावरचा एक कावळा उतरला, तिरक्या मानेने आमच्याकडे बघितलं आणि वडा उचलला. माझे डोळे भरून आले. ते काकांमुळे की काकूमुळे, मला सांगता येणार नाही.

कॅमेरामन बॅगेवर हात ठेवून नुसता बघत होता. काकूला त्याची दया आली. आता घ्या काय घ्यायचं ते, असं तिने त्याला हिंदीत सांगितलं.

त्याने मान हलवली. "रहने दीजिए, माताजी. ये हमारे लिए थोड़े ही आया है."

"मग चला जेवायला," काकू मराठीतच म्हणाली, आणि त्याला ते बरोबर समजलं.