बापाला विचारलंस का?

गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. शेजारचे काका बांधावर भेटले की त्यांचा ठरलेला प्रश्न असतो, "तुमना देव कोन शे? बाप का पोऱ्या?"

परवा मी जिद्दीनं पाणी, बर्फ आणि वाफ, रूपं वेगळी पण पाणी एकच, असा दाखला दिला. काका कपाशीकडे बघत जांभया देत राहिले. शेवटी म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. तुमना फवारणीना पंप दे."

"लई जा ना, काका."

"बापले तं इचार!"

मी वैतागलो. "इचारानं काय? मन्हं हो म्हणजे त्यासनं बी हो."

काका थबकले आणि मांडीवर थाप मारून हसले. "मंग हाई पहिलेच का नही सांगं? बरफ कसाले आना मधमा?"

बाप आणि पोऱ्या एकच कसे, हे इतक्या वर्षांत मला समजावता आलं नाही, ते असं सहज जमलं म्हणून मी फुगलो. दोघं ऐटीत घरी आलो. पडवीत पंप नव्हता. ओट्यावर बसलेले बाबा म्हणाले, "तो मी सकाळमाच रनाळे गावना पाव्हनाले दी टाका."

हसता हसता काकांना ठसका लागला. "देवना घरमा बी असंच चालस का रे?"

"नही," मी मान खाली घालून म्हणालो, "तठला पोऱ्या बापले इचाराशिवाय काहीच करत नही."